नाकुरूचा साबण घानात स्वस्त पडेल का? आफ्रिकेच्या खंडीय व्यापार करारासाठी छोट्या कारखान्यांची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: केनियातल्या नाकुरू-एल्डोरेट पट्ट्यात साबण, खाद्यपदार्थ, प्लास्टिकची भांडी, मध, धान्य अशा मालाचे तीसेक लघु-मध्यम उद्योग आहेत आणि त्यांच्या संघटनेचं काम तुमच्याकडे आहे. आफ्रिका खंडीय मुक्त व्यापार करारावर चर्चासत्रं भरपूर झाली, पण माल कुणाचाच गेला नाही. तयारी नेमकी कोणती आणि कोणत्या क्रमाने करून घ्यायची?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तीसच्या तीस उद्योगांना तयार करायला जाऊ नका. त्यातल्या बहुतेकांना या कराराची आज गरज नाही. पाच-सहा निवडा आणि त्यांची पहिली खेप प्रत्यक्ष पोचेपर्यंत त्यांच्यावरच मेहनत घ्या. चर्चासत्रांत करार समजावून सांगतात, पण कोणता कारखाना त्यात बसतो हे मात्र कुणी तपासत नाही, आणि गाडी तिथेच अडते.

पार्श्वभूमी दोन ओळींत. करारावर २१ मार्च २०१८ रोजी किगालीत सह्या झाल्या, तो ३० मे २०१९ला अमलात आला आणि १ जानेवारी २०२१पासून त्याखालचा व्यापार औपचारिकरीत्या सुरू झाला. प्रत्यक्ष माल हलायला मात्र ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. तेव्हा घानाची राजधानी अक्रा इथल्या कराराच्या सचिवालयाने आठ देशांना घेऊन मार्गदर्शित व्यापाराचा उपक्रम सुरू केला. त्यात केनिया होता, आणि नैरोबीत बनलेल्या गाडीच्या बॅटऱ्या केनियाच्या पहिल्या खेपांमध्ये घानाला गेल्या.

आधी बाजार, मग करार

पहिली चाळणी भूगोलाची. केनिया पूर्व आफ्रिकी समुदायाच्या सीमाशुल्क संघात आहे आणि कोमेसाच्या, म्हणजे पूर्व व दक्षिण आफ्रिकी देशांच्या सामायिक बाजारपेठेच्या, मुक्त व्यापार क्षेत्रातही आहे. खंडीय करार या जुन्या व्यवस्था मोडीत काढत नाही. जिथे आधीच जास्त सवलत आहे तिथे तीच चालू राहते. म्हणून तुमचा एल्डोरेटचा पीठगिरणीवाला युगांडाला माल पाठवत असेल तर त्याने पूर्व आफ्रिकी समुदायाचाच मूळ देशाचा दाखला (माल कुठे बनला याचं प्रमाणपत्र) वापरावा. चहा ईजिप्तला जातो तो कोमेसाखाली. त्या चहावाल्याला खंडीय कराराने नवं काहीच मिळत नाही. झांबिया, मलावी, मॉरिशसचंही तेच.

टांझानियाबाबत हमखास घोळ होतो. टांझानिया कोमेसात नाही, पण पूर्व आफ्रिकी समुदायात आहे. तिकडे कोमेसाचा दाखला दाखवला तर कस्टमवाला तो परत करणार. दक्षिण आफ्रिकेसाठी दोन वाटा आहेत: खंडीय करार, आणि जुलै २०२४मध्ये अमलात आलेला कोमेसा, पूर्व आफ्रिकी समुदाय व सादक (आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांचा समुदाय) यांचा त्रिपक्षीय करार. तुमच्या मालावर कोणत्या वाटेने शुल्क कमी लागतं ते दोन्ही तक्ते शेजारी ठेवूनच ठरवा.

खंडीय कराराची खरी कमाई आहे ती जिथे आजवर कोणतीच सवलत नव्हती तिथे: घाना, नायजेरिया, कॅमेरून, सेनेगल, आयव्हरी कोस्ट, मोरोक्को, अल्जीरिया. तीस उद्योगांना एकच प्रश्न विचारा: यांपैकी एखाद्या देशात तुमच्याकडे नाव-पत्त्यासह गिऱ्हाईक आहे का, किंवा सहा महिन्यांत मिळण्यासारखं आहे का? "आफ्रिकाभर मागणी आहे" हे उत्तर धरू नका. इथेच यादी दहा-बारावर येईल.

शुल्कातला फरक मोजा

आता प्रत्येक मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाच्या प्रकाराला दिलेला आकडी कोड. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे आकडे ज्या त्या देशाचे. केनिया आठ आकडी कोड वापरते, पश्चिम आफ्रिकी समुदाय दहा आकडी. त्यामुळे बिलावर केनियाचा पूर्ण कोड टाकून निश्चिंत होऊ नका. समोरच्या आयातदाराकडून त्याच्या देशाचा कोड लेखी मागवा. दुसरी गफलत आवृत्तीची. एचएस दर काही वर्षांनी बदलतो आणि पूर्व आफ्रिकी समुदाय २०२२ची आवृत्ती वापरतो. ज्या तक्त्यात तुम्ही सवलत बघता तो जुन्या आवृत्तीवर असेल तर काही कोड फुटलेले किंवा सरकलेले दिसतील.

करारात शुल्कतक्त्यातल्या नोंदींचे, म्हणजे कोडनिहाय ओळींचे, तीन गट आहेत. ९० टक्के नोंदींवरचं शुल्क पाच वर्षांत, अल्पविकसित देशांसाठी दहा वर्षांत, समान हप्त्यांनी शून्यावर यायचं आहे. पुढच्या ७ टक्के संवेदनशील नोंदींना अनुक्रमे दहा आणि तेरा वर्षं आहेत. उरलेल्या ३ टक्के नोंदी पूर्ण वगळलेल्या. तुमचा माल या ३ टक्क्यांत असेल तर पुढे वाचायची गरज नाही. सचिवालयाच्या ई-टॅरिफ बुकमध्ये देश आणि कोड टाकून चालू वर्षाचा दर काढा. मग तो दर त्या देशाच्या राजपत्रात आला आहे का, हे आयातदाराकडून पक्कं करून घ्या. करार मंजूर झालेला असतो, पण बंदरावरच्या संगणकात सवलतीचा दर चढलेला नसतो. असं झालं की पूर्ण शुल्क भरल्याशिवाय कंटेनर सुटत नाही.

उदाहरणादाखल आकडे धरू. मूळ दर २० टक्के, दहा समान हप्ते, म्हणजे दरवर्षी २ टक्के कपात. सहाव्या हप्त्याला दर ८ टक्के. विमा-भाड्यासह ३०,००० डॉलरच्या कंटेनरवर फरक १२ टक्के, म्हणजे ३,६०० डॉलर. व्हॅटचा पाया शुल्कासकट मोजला जात असल्याने त्यातही थोडी बचत होते. पण व्हॅट आणि बंदराचे आकार माफ होत नाहीत. करार शुल्काचा आहे, सगळ्या करांचा नाही.

हे ३,६०० डॉलर वाचतात ते आयातदाराचे. शुल्क तो भरतो. दर ठरवतानाच या बचतीतला किती हिस्सा तुमच्या किमतीत यायचा हे बोलून घेतलं नाही, तर दाखल्याची सगळी खटपट तुमची आणि नफा त्याचा. निम्मा हिस्सा मागणं वावगं नाही. फरक ५ टक्क्यांहून कमी असेल तर त्या मालासाठी या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. कागदपत्रांचा आणि उशिराचा खर्चच तेवढा होतो. कच्च्या मालावर बऱ्याच देशांत मुळातच शून्य किंवा ५ टक्के शुल्क असतं, तिथे वाचवायला काही उरतच नाही.

माल "आफ्रिकी" ठरतो का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक कारखाने इथेच गळतात आणि गळायलाच हवे होते हे त्यांना माल बंदरात पोचल्यावर कळतं.

शेतात पिकलेलं, खाणीतून काढलेलं, पोळ्यातून काढलेलं ते पूर्णपणे स्थानिक. तुमचे मध आणि धान्यवाले इथे सहज बसतात. इतरांना करारातल्या उत्पादननिहाय नियमांपैकी त्यांच्या कोडसमोर लिहिलेला नियम पाळावा लागतो. हे नियम कराराच्या दुसऱ्या जोडपत्राच्या चौथ्या परिशिष्टात आहेत. ढोबळमानाने दोन प्रकार सारखे भेटतात. एक, खंडाबाहेरून आलेल्या कच्च्या मालाची किंमत कारखाना-दराच्या (माल कारखान्यातून निघतानाच्या किमतीच्या) ठरावीक टक्क्यांहून, बऱ्याच ठिकाणी ६० टक्क्यांहून, जास्त नसावी. दोन, तयार मालाच्या कोडचे पहिले चार आकडे कच्च्या मालाच्या कोडपेक्षा वेगळे असावेत.

साबणाचं उदाहरण घेऊ. समजा तुमच्या नोंदीला ६० टक्क्यांची मर्यादा आहे आणि कारखाना-दर एका खोक्याला २० डॉलर आहे. मलेशियाचं पाम स्टिअरिन (पाम तेलाचा घट्ट भाग) ९ डॉलर, भारत किंवा चीनमधून आलेला कॉस्टिक सोडा १.२०, सुगंध १, वेष्टनाची फिल्म ०.६०. बेरीज ११.८०, म्हणजे ५९ टक्के. बसलं. पण पाम तेल १० टक्क्यांनी महागलं आणि तुमचा दर तोच राहिला, तर बेरीज १२.७० होते, म्हणजे ६३.५ टक्के. तोच साबण, तोच कारखाना, आणि माल आता आफ्रिकी राहिला नाही. पाम तेलाचे भाव १० टक्के हलायला फार काळ लागत नाही. २०२२मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली तेव्हा काय झालं ते साबणवाल्यांना सांगायला नको. म्हणून मर्यादेच्या आत किमान १० टक्क्यांची मोकळीक ठेवा. ५९वर असलेल्या कारखान्याला "तयार" म्हणू नका.

मोकळीक मिळवायचा उत्तम रस्ता म्हणजे एकत्रीकरणाची तरतूद. करारातल्या दुसऱ्या सदस्य देशाचा कच्चा माल तुमचाच धरला जातो. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातल्या कलंगाला बेटांवर पामची लागवड आहे. ९ डॉलरपैकी ३ डॉलरचं तेल तिकडचं घेतलं तर बाहेरचा माल ८.८०वर, म्हणजे ४४ टक्क्यांवर येतो. अट एवढीच की पुरवठादाराने विहित नमुन्यात घोषणापत्र द्यायला हवं. साध्या बिलावर भागत नाही. आणि ते खरेदीच्या वेळीच घ्या. वर्षभराने मागितलं तर मिळत नाही.

आता फसण्याच्या जागा.

नैरोबीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला माल केनियाचा नसतो. बिल नैरोबीचं असलं तरी सोडा चीनचा असेल तर तो बाहेरचाच. बाहेरून आलेल्या मालाची किंमत आयातीच्या वेळच्या सीमाशुल्क मूल्यावर धरतात. ती कळत नसेल तर देशात मोजलेली पहिली पक्की किंमत धरली जाते, म्हणजे व्यापाऱ्याचा नफाही बाहेरच्या खात्यात जातो. थेट आयात केली तर हाच आकडा खाली येतो.

साबणाचे तयार नूडल्स (वडी पाडण्याआधीचा अर्धतयार साबण) आणून वड्या पाडणारे कारखाने बरेच आहेत. नूडल्सचा कोड ३४०१ आणि वडीचाही ३४०१. पहिले चार आकडे बदलायचा नियम लागू असेल तर हा कारखाना सरळ बाद.

पॅकिंग, लेबल, चाळणी, साधं मिश्रण, संचात भरणं यांनी मालाचा मूळ देश बदलत नाही. इथे मायदेशातल्या वाचकांसाठीही एक सूचना. न्हावा शेवाहून आलेला मसाला मोम्बासात नव्या पाकिटात भरून घानाला सवलतीत पाठवता येईल का, अशी विचारणा महाराष्ट्रातले निर्यातदार अधूनमधून करतात. येणार नाही. पकडलं गेलं तर केनियातल्या भागीदाराला दंड होतो, आणि त्याच्या प्रत्येक खेपेकडे पुढे संशयाने पाहिलं जातं. भारतीय कारखानदाराला या कराराचा लाभ हवा असेल तर खरी प्रक्रिया आफ्रिकेत उभी करावी लागेल.

निर्यात प्रक्रिया क्षेत्रातल्या युनिटचा माल असेल तर त्याच्यासाठीच्या अटी आधी केनिया रेव्हेन्यू ऑथॉरिटीकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

प्रत्येक कारखान्याकडून एक पानाचा खर्चतक्ता करून घ्या. रकाने असे: कच्चा माल, एचएस कोड, मूळ देश, पुरवठादार, बिल क्रमांक, एका खोक्यामागची किंमत, आणि पुरावा आहे की नाही. हा तक्ता दर तिमाहीला नव्याने करायचा. ज्या मालकाला हा भरता येत नाही त्याला या फेरीत घेऊ नका. हिशेब ठेवणारा माणूस नेमून तो पुढच्या वर्षी येऊ शकतो.

दाखला

केनियात मूळ देशाचा दाखला रेव्हेन्यू ऑथॉरिटी देते. आधी निर्यातदार म्हणून नोंदणी, मग खर्चतक्त्यासह अर्ज. अधिकारी कारखाना बघायला येऊ शकतात, तेव्हा तक्त्यातला कच्चा माल गोदामात दिसायला हवा. दाखला १२ महिने चालतो. खेप ५,००० डॉलरपर्यंतची असेल तर निर्यातदाराने बिलावर स्वतः केलेली मूळ-घोषणा चालते. छोट्या मधवाल्यांना, हस्तकलावाल्यांना ही सोय मोठी आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. नियमित निर्यात करणाऱ्याने मान्यताप्राप्त निर्यातदाराचा दर्जा मागावा. मग कितीही रकमेवर स्वतःची घोषणा चालते.

दाखले नाकारले जातात ते बहुतेक क्षुल्लक कारणांनी. बिलावर ४८० खोकी, दाखल्यावर ४८ पॅलेट. वजन निव्वळ की एकूण हे लिहिलेलं नाही. बिल पुन्हा काढलं आणि क्रमांक बदलला. सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा नमुना समोरच्या देशाकडे पोचलेला नाही. हे शेवटचं तुमच्या हातात नसतं, म्हणून माल निघण्याआधी दाखल्याची स्कॅन प्रत आयातदाराच्या क्लिअरिंग एजंटला पाठवा आणि "हा चालेल" असं त्याच्याकडून ई-मेलवर घ्या. घानातल्या तेमा बंदराच्या किंवा नायजेरियातल्या लागोसच्या एजंटने खंडीय करारातलं एकही प्रकरण हाताळलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे. तो सवयीने नेहमीच्या दराने बिल भरतो, आणि परतावा मागत बसणं हा वेगळाच उद्योग होतो.

शुल्क शून्य, तरी माल अडतो

पूर्व आफ्रिकेतच बघा. समुदायांतर्गत मक्यावर शुल्क नाही. तरी मार्च २०२१मध्ये केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका अफलाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाच्या कारणावरून थांबवला. समुदायाच्या मानकात एकूण अफलाटॉक्सिन १० पीपीबी (अब्जात १० भाग) आणि ओलावा १३.५ टक्क्यांपर्यंत चालतो. तुमच्या धान्यवाल्यांकडे ओलावामापक यंत्र आणि साठवणीची शिस्त नसेल तर करारांची चर्चा त्यांच्यासाठी व्यर्थ आहे.

पश्चिमेकडे खाद्यपदार्थ आणि साबणासारखी प्रसाधनं न्यायची तर घानात अन्न व औषध प्राधिकरणाची नोंदणी लागते, नायजेरियात तिथल्या अन्न-औषध नियामक नाफडॅकची. महिने लागतात, म्हणून हे काम पहिल्या दिवशी सुरू करा, दाखल्यानंतर नाही. नायजेरियात स्थानिक प्रतिनिधीला मुखत्यारपत्र द्यावं लागतं. नोंदणी वितरकाच्या हातात गेली की वितरक बदलणं अवघड होतं. शक्य तिथे नोंदणीसाठी वेगळा प्रतिनिधी नेमा आणि करारनाम्यात हस्तांतराची अट लिहून घ्या. लेबलवर बॅच क्रमांक, तारखा, निव्वळ वजन आणि कारखान्याचा पत्ता हवाच. सेनेगल, आयव्हरी कोस्टला फ्रेंच मजकूर लागतो. दोन्ही भाषांचं एकच लेबल छापलं तर साठा अडकत नाही.

वाहतूक आणि पैसे

मोम्बासाहून तेमाला माल बहुधा मध्ये जहाज बदलून जातो. दीड-दोन महिने धरून चाला. साबणाला चालेल, कमी टिकाऊ खाद्यपदार्थांना नाही. मूळच्या बंदरापासून शेवटच्या बंदरापर्यंत एकच बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती) घ्या, म्हणजे वाटेत माल कुणी हाताळला का हा प्रश्न उठत नाही. नाकुरूहून मोम्बासाला ट्रकने जाताना सगळ्या गाडीचं वजन तिच्या आसांच्या संख्येनुसार ठरलेल्या मर्यादेच्या, जास्तीत जास्त ५६ टनांच्या, आत लागतं. वजनकाट्यावर जास्त भरलं तर दंड होतोच, वर जहाजही चुकतं. पहिली खेप पूर्ण कंटेनरची असेल तेव्हाच भाडं परवडतं. तुमच्या दोन-तीन सभासदांचा माल एका कंटेनरमध्ये एकत्र करता येईल, पण प्रत्येकाचा दाखला आणि बिल वेगळं ठेवा. एकाच्या कागदात चूक निघाली तर सगळ्यांचा माल अडकतो, हेही सभासदांना आधीच सांगा.

चलनाचा फटका शुल्काच्या बचतीहून मोठा असू शकतो. जून २०२३मध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा केला तेव्हा डॉलर ४७०च्या आसपास होता. फेब्रुवारी २०२४मध्ये तो १,५००च्या वर गेला. त्या काळात उधारीवर माल दिलेल्याला १२ टक्क्यांची शुल्कसवलत कुठे पुरणार? पहिल्या तीन खेपा आगाऊ रकमेवर किंवा खात्रीच्या बँकेने दुजोरा दिलेल्या पतपत्रावर (लेटर ऑफ क्रेडिट) करा. जानेवारी २०२२मध्ये सुरू झालेल्या पॅप्स या आफ्रिकी देयक व्यवस्थेमुळे स्थानिक चलनात पैसे देता-घेता येतात, पण त्यासाठी तुमची आणि गिऱ्हाइकाची, दोन्ही बँका तिला जोडलेल्या हव्यात. हा प्रश्न बँकेच्या मुख्य कार्यालयाला विचारा, शाखेत सहसा कळत नाही.

कारण नसताना माल अडला तर ट्रेडबॅरिअर्स डॉट आफ्रिका या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ती केनियाच्या आणि समोरच्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जाते. तक्रार संघटनेच्या नावाने करा, बिल ऑफ लेडिंग आणि नकाराचा लेखी कागद जोडून. तोंडी नकारावर काहीच होत नाही, म्हणून एजंटने नकार लेखी घेतलाच पाहिजे.

माल सुटला तरी फाइल बंद करू नका. आयात करणाऱ्या देशाचं कस्टम नंतरही मूळ देशाची पडताळणी मागू शकतं. विचारणा रेव्हेन्यू ऑथॉरिटीकडे येते आणि तिथून कारखान्याकडे. खर्चतक्ता, कच्च्या मालाची बिलं, पुरवठादाराचं घोषणापत्र आणि उत्पादन नोंदवही पाच वर्षं जपून ठेवायची, आणि संघटनेकडे त्याची एक प्रत असावी. उत्तर मुदतीत गेलं नाही तर राहिलेलं शुल्क तुमच्या गिऱ्हाइकाकडून वसूल होतं, आणि ते गिऱ्हाईक पुढची ऑर्डर देत नाही.